गाडी सुरू करण्याआधी फोनचा बंदोबस्त: चालक, मालक आणि घरच्यांसाठी

बीडहून छत्रपती संभाजीनगरकडे ताशी ८० किलोमीटरने निघालेली गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे जाते. व्हॉट्सॲपवरचा निरोप वाचून "हो" टाइप करायला पाच सेकंद लागले, तर तेवढ्यात गाडीने ११० मीटर कापलेले असतात. जवळपास दहा एसटी एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी रांग होईल, तेवढा रस्ता चालकाने न बघता ओलांडलेला असतो. त्याच ११० मीटरमध्ये दुभाजक फोडून केलेल्या वाटेने मोटारसायकल आडवी येते, दिवस मावळताना रानातून परतणाऱ्या म्हशी येतात, उलट्या दिशेने ट्रॅक्टर येतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे रोजचं आहे.

चालकाला फोन वापरू द्यावा का, या प्रश्नावर आमचं मत सरळ आहे. हातात फोन कधीच नको, आणि गाडीत फोन अडकवायच्या स्टँडवरचा फोन फक्त रस्ता दाखवण्यापुरता. पण नुसतं "वापरू नका" म्हणून भागत नाही. भाड्याची गाडी चालवणाऱ्याला मालकाचा फोन येतो, ऊस वाहणाऱ्याला मुकादमाचा येतो, घरून "कुठपर्यंत आलात" येतो. त्या प्रत्येक फोनची सोय आधी लावली, तरच चालत्या गाडीत हात खिशाकडे जात नाही. ती सोय कशी लावायची, ते पुढे दिलं आहे.

कायदा नेमका काय आहे

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं हे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवणं ठरतं. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर १०,००० रुपये दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात एक सवलत आहे: लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने, फक्त मार्ग पाहण्यासाठी फोन वापरता येतो. कुणाशी बोलण्यासाठी किंवा गाणं बदलण्यासाठी ही सवलत नाही.

"स्पीकरवर होता, कानाला लावला नव्हता" हे कारण पोलिसांपुढे नेहमी सांगितलं जातं. फोन हातात होता एवढं पुरे आहे. लाल सिग्नलला गाडी उभी असली तरी चालक वाहतुकीतच असतो, तिथेही फोन काढू नये. आरसी आणि लायसन्स सरकारच्या डिजिलॉकर ॲपमध्ये ठेवले असतील तर पोलिसांनी हात केल्यावर आधी गाडी बाजूला घ्या, बंद करा आणि मग फोन काढा.

हँड्सफ्री म्हणजे सुटका नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो, आणि हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा फारसा सुरक्षित नाही. बरेच जण इथेच फसतात. हात मोकळे असतात, डोळे रस्त्यावर असतात, पण डोकं बोलण्यात गुंतलेलं असतं. समोरची दुचाकी दिसते, पण ती आता वळणार आहे हे कळायला उशीर होतो. शेजारी बसलेला माणूस समोर ट्रक आला की आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसत नाही, तो बोलतच राहतो.

युटा विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०१५ च्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. गाडीतल्या यंत्रणेला तोंडी आज्ञा दिल्यावर चालकाचं लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे फोन ठेवला की धोका संपला असं होत नाही. मालकाशी पैशावरून वाद झाला असेल, तर त्याहून जास्त वेळ डोकं तिकडेच राहील.

म्हणून ब्लूटूथ असलं तरी एकच वाक्य बोलायचं: "गाडीवर आहे, थांबून करतो." दोन्ही कानांत इअरफोन तर नकोतच. मागच्या गाडीचा हॉर्न आणि आपल्याच टायरचा बदललेला आवाज ऐकू आला पाहिजे.

निघण्याआधीची पाच मिनिटं

हे सगळं गाडी उभी असताना करायचं, चावी फिरवण्याआधी.

पहिलं काम नकाशाचं. चालत्या गाडीत फोनला सर्वात जास्त हात लागतो तो रस्ता चुकल्यावर, आणि रस्ता चुकतो तो गावाचं नाव नुसतं टाकल्यामुळे. मराठवाड्यात पिंपळगाव, वडगाव, सावरगाव नावाची गावं तालुक्यातालुक्यात आहेत. गावाबरोबर तालुका आणि जिल्हा टाका, किंवा ज्याच्याकडे जायचं आहे त्याच्याकडून लोकेशन मागवून घ्या. लग्नपत्रिकेवरचा पत्ता पुरत नाही. मार्ग निघाला की बोटाने मोठा करून शेवटपर्यंत एकदा बघा. नकाशा कधीकधी चार किलोमीटर वाचवण्यासाठी शिवाररस्त्याने नेतो. उन्हाळ्यात ती वाट चालेल, पण पावसाळ्यात काळ्या मातीत कार अडकली की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. अशा वेळी हमरस्त्यावरचं एखादं गाव मधला थांबा म्हणून घाला, मग मार्ग डांबरीवरून जातो.

घाटात आणि डोंगराळ भागात रेंज जाते-येते. घरच्या वायफायवर गुगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टॅप करून "ऑफलाइन मॅप्स" उघडा आणि आपल्या जिल्ह्यापासून जायच्या जिल्ह्यापर्यंतचा चौकोन उतरवून ठेवा. रेंज गेली तरी गाडीचा रस्ता दिसत राहतो, फक्त पुढची वाहतूक कोंडी कळत नाही. आवाज चालू ठेवा, म्हणजे वळण बघावं लागत नाही, ऐकू येतं. आवाजाच्या यादीतून कानाला सवयीची असलेली भाषा निवडा.

दुसरं काम फोनचं तोंड बंद करण्याचं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जच्या शोधपट्टीत "डू नॉट डिस्टर्ब" टाका. कंपनीगणिक जागा बदलते, पण शोधलं की सापडतं. त्यात कॉलसाठी फक्त "स्टार" केलेल्या क्रमांकांना परवानगी द्या आणि असे दोन-तीनच क्रमांक ठेवा. "रिपीट कॉलर" चालू ठेवलं तर तोच माणूस १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करतो तेव्हा घंटी वाजते. खरोखर तातडीचं असेल तर घरचे दोनदा करतील, हे त्यांना आधी सांगून ठेवा. सॅमसंगमध्ये "मोड्स अँड रूटीन्स" खाली ड्रायव्हिंग मोड आहे. तो गाडीच्या ब्लूटूथशी जोडला की फोन गाडीत शिरताच आपोआप गप्प होतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, फोकस, ड्रायव्हिंग या वाटेने तीच सोय मिळते. तिथे फोन स्वतःच उत्तरही पाठवतो. त्या उत्तरात "गाडी चालवत आहे, थांबल्यावर फोन करतो" असं मराठीत लिहून ठेवा.

भाड्याची गाडी चालवणाऱ्यांनी व्हॉट्सॲप बिझनेस घ्यावं, ते मोफत आहे. त्यात "अवे मेसेज" असतो. निघताना चालू करायचा, पोचल्यावर बंद करायचा. गिऱ्हाईक तुटेल ही भीती सगळ्यांना असते. "गाडी रस्त्यावर आहे, ११ वाजता फोन करतो" असं लगेच उत्तर मिळालेलं गिऱ्हाईक शक्यतो थांबतं. दहा वेळा घंटी वाजून कुणी उचललं नाही की ते दुसरीकडे जातं.

तिसरं काम गाण्यांचं. पूर्ण प्रवासाची यादी आधीच लावून द्या. गाणं बदलण्यासाठी स्क्रीनवर तीन-चार वेळा टॅप करावं लागतं, आणि प्रत्येक टॅपला नजर खाली जाते.

स्टँड कुठे आणि कसा

चालक उजवीकडे बसतो, म्हणून फोन स्टेअरिंगच्या लगेच डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या वरच्या कडेखाली असावा. मान न वळवता, नुसती नजर जराशी खाली नेऊन दिसला पाहिजे. काचेच्या मधोमध लावलेला फोन रस्ताच झाकतो. डॅशबोर्डवर जिथे "एअरबॅग" लिहिलेलं असतं तिथे काहीही चिकटवू नका. एअरबॅग फुगली की तो स्टँड थेट तोंडावर येतो.

एसीच्या जाळीवर बसणारा स्टँड आपल्या हवामानाला सर्वात बरा. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असतो, आणि बंद उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरण्यासाठी बनवलेला आहे, इतर फोनही तापले की मंदावतात. काचेखाली उन्हात ठेवलेला फोन नकाशा चालवत आणि चार्ज होत असताना इतका तापतो की स्क्रीन अंधूक होते किंवा तापमानाची सूचना येऊन फोन थांबतो. मग चालक गाडी चालवताना तो हातात घेऊन बघतो. एसीची हवा पाठीवर येत राहिली तर ही वेळच येत नाही.

जाळीच्या पात्या पातळ प्लास्टिकच्या असतात आणि फोन २०० ग्रॅमच्या आसपास. नुसती चिमट्यासारखी धरणारी क्लिप खड्ड्याखड्ड्याला पात्या वाकवते. पातीच्या मागून हुक घालून स्क्रूने आवळायची क्लिप घ्या. रबरी कप काचेला चिकटवायचाच असेल, तर जागा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. आपल्याकडच्या धुळीचा बारीक थर डोळ्यांना दिसत नाही, पण कप धरू देत नाही. मे महिन्यात रबर मऊ पडतं, आतली हवा फुगते आणि कप सुटतो. एसी नसलेल्या जीपला दोन्हीकडून चिकट असलेल्या पट्टीचा स्टँड लावा. जागा स्पिरिटने पुसायची, स्टँड दाबून बसवायचा आणि फोन एक दिवसानंतरच लावायचा.

नुसत्या चुंबकाचे स्टँड खराब रस्त्यावर फोन सोडतात. आपल्याकडे हे जास्त होतं, कारण काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो, कुठे एका बाजूला खचतो. अशाच रस्त्यावर एका हाताने स्टेअरिंग धरलेलं असेल तर एका हिसक्यात गाडी साइडपट्टीवर उतरते.

फोन खाली पडला तर पडू द्या. वाकून उचलायला जाऊ नका. तो चालकाच्या पायाशी गेला असेल तर पुढचा धोका ब्रेकच्या पेडलखाली अडकण्याचा आहे, म्हणून वेग कमी करत लगेच बाजूला थांबा.

चार्जरची वायर अर्धा मीटरचीच घ्या. लांब वायर गिअरच्या दांड्याला गुंडाळते. कारला १२ व्होल्ट, मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात, म्हणून ट्रकसाठी "१२–२४ व्होल्ट" लिहिलेलाच चार्जर घ्या. रात्री स्क्रीनचा उजेड कमी करा आणि डार्क मोड लावा, नाहीतर तोच उजेड काचेवर पडतो आणि पुढचा बिनदिव्याचा ट्रॅक्टर दिसत नाही.

फोन घ्यायचाच असेल तर थांबायचं कसं

आरसा, डावा इंडिकेटर, वेग कमी, मग चारही चाकं पांढऱ्या पट्टीच्या बाहेर. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा, त्यानंतर फोन. पेट्रोल पंप, ढाबा, टोलनाक्यापुढची मोकळी जागा या सर्वात चांगल्या. वळण, पूल, चढाचा माथा आणि घाट इथे थांबू नका. मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात फोन वाजला तर तो वाजू द्या. पावसाळ्यात साइडपट्टीवर उतरण्याआधी ती मुरमाची आहे की काळ्या मातीची ते बघा, मातीत डावी चाकं रुतली की गाडी तिरकी होऊन अडकते. रात्री चारही इंडिकेटर चालू ठेवा.

समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. तिथे कडेला फोनसाठी थांबणं हाच मोठा धोका आहे. जालन्याहून वर चढलात तर पुढच्या सुविधा केंद्रापर्यंत किंवा उतरण्याच्या जागेपर्यंत फोन विसरा.

बोलणं झालं की फोन स्टँडवर ठेवा, अर्धा मिनिट तसेच बसा, दोन्ही आरसे बघा आणि मग गाडी काढा. वर सांगितलेले २७ सेकंद, हेच त्याचं कारण.

रात्री लांबच्या भाड्यावर झोप येऊ नये म्हणून फोनवर व्हिडिओ लावून ठेवण्याची सवय वाढली आहे. झोपेवर त्याचा उपयोग होत नाही, उलट पेंगुळलेली नजर स्क्रीनवरच खिळते. पंपावर गाडी लावा आणि १५–२० मिनिटं झोपा.

फोन करणाऱ्यांनी काय करायचं

चालकाच्या हातात फोन जातो कारण पलीकडून कुणीतरी लावलेला असतो. अर्धं काम घरी आणि मालकाच्या ऑफिसात आहे.

निघताना थांबे ठरवून सांगा: "बीडला चहाला थांबतो, तिथून फोन करतो. मधे लागणार नाही." घरच्यांचा जीव टांगणीला लागू नये म्हणून व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवून ठेवा. १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीन पर्याय असतात. लांबच्या प्रवासाला ८ तास निवडा आणि फोन चार्जिंगला लावा. रेंज नसली की खूण एका जागी थांबलेली दिसते. हे घरी आधी सांगा, नाहीतर घाबरून वीस फोन येतील.

तरीही फोन लावायची वेळ आलीच, तर पहिलं वाक्य हे हवं: "गाडी चालवायलाव का?" पलीकडून "हाव" आलं की "मग ठेवते, थांबल्यावर करा" म्हणून लगेच ठेवा. दुसरा विषय काढायचा नाही, दुधाचा नाही आणि पाहुण्यांचाही नाही. शेजारी कुणी बसलं असेल तर चालकाचा फोन त्याच्याकडे द्या आणि बोलणंही त्यालाच करू द्या. "हे बघ काय आलंय" म्हणून फोन चालकासमोर धरणारा शेजारी मात्र नसलेलाच बरा.

गाड्यांच्या मालकांनी हे लेखी करावं: चालत्या गाडीतल्या चालकाने फोन उचलला नाही म्हणून बोलणी बसणार नाहीत. एसटी महामंडळाने चालकांना गाडी चालवताना फोनची मनाई केलेली आहे. खासगी गाड्यांच्या मालकांना तेवढं करायला काहीच अडचण नाही. ज्या मालकाचा फोन पहिल्या घंटीला उचलावाच लागतो, त्याच्या गाडीतला चालक स्टँड कितीही चांगला असला तरी फोनकडेच बघणार.

ऊसवाहतूक आणि ट्रॅक्टर

हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर हा वेगळा विषय आहे. वेग कमी असतो, म्हणून फोन चालतो असा समज आहे. ताशी २० किलोमीटरलाही पाच सेकंदांत २८ मीटर जातात, आणि भरलेल्या ट्रॉल्या मागून ढकलत असताना ट्रॅक्टर एकदम थांबत नाही. उतारावर एका हाताने स्टेअरिंग फिरलं तर मागची ट्रॉली आडवी होते. आवाजामुळे घंटी ऐकू येत नाही, म्हणून चालक दर दोन मिनिटांनी फोन काढून बघतो. खरी अडचण इथेच आहे. मुकादमाशी आणि चिटबॉयशी (कारखान्याचा चिठ्ठी देणारा माणूस) उसाच्या फडातून निघतानाच ठरवा की निरोप वजनकाट्यावर पोचल्यावरच घेतला जाईल. फोन बोनेटवर किंवा मांडीवर न ठेवता टूलबॉक्समध्ये ठेवा.

दुचाकी

हेल्मेट आणि गालाच्या मधे खुपसलेला फोन किंवा मान वाकडी करून खांद्याने धरलेला फोन, दोन्हींत त्या बाजूचा रस्ता दिसत नाही आणि मान वळत नाही. दुचाकीला फोन खिशात, आवाज बंद, हाच एक मार्ग. रस्ता बघायचा असेल तर थांबून पुढची दोन वळणं पाठ करा, मग पुन्हा थांबा. डिलिव्हरी करणाऱ्यांनीही ऑर्डर गाडी उभी असतानाच स्वीकारावी. हँडलवर स्टँड लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्याची स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. ॲपलने २०२१ मध्ये मोटारसायकलींबाबत अशी सूचना दिलेली आहे.

मागे बसलेल्या प्रवाशांसाठी

काळी-पिवळीत किंवा ट्रॅव्हल्समध्ये चालक फोनवर बोलायला लागला तर ओरडू नका, त्याने लक्ष आणखी उडतं. पुढे बसलेल्याने शांतपणे म्हणावं, "मामा, गाडी साइडला घ्या, बोलून घ्या, आम्ही थांबतो." प्रवाशांनी थांबायची तयारी दाखवली की चालक बहुधा ऐकतो, कारण घाई आपलीच आहे असं त्याला वाटत असतं. तरी ऐकलं नाही तर पुढच्या थांब्यावर उतरा आणि गाडीचा क्रमांक पोलिसांना ११२ वर कळवा.

वाटेत अपघात दिसला तर चालत्या गाडीतून व्हिडिओ काढू नका. पुढे जाऊन सुरक्षित जागी थांबा आणि १०८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही क्रमांक आहे. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि गाडी कोणत्या दिशेच्या बाजूला पडली आहे हे दोन्ही सांगा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर बाजू कळली नाही तर रुग्णवाहिकेला वळसा घालून परत यावं लागतं.